सरकारी सफाईचं कंत्राट छोट्या एजन्सीला कसं मिळतं: इंदूरच्या नव्या उद्योजकांसाठी

इंदूरच्या रस्त्यांची सफाई सगळ्या देशाला माहीत आहे. इमारतींच्या आतली सफाई कोण करतं, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा पहिला क्रमांक टिकला, २०२३ च्या सर्वेक्षणात तो सुरतेबरोबर विभागून मिळाला, आणि जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात इंदूर ‘सुपर स्वच्छ लीग’मध्ये, म्हणजे आधी अव्वल आलेल्या शहरांच्या वेगळ्या गटात होतं. त्यामागे महापालिकेच्या सफाई मित्रांचे कष्ट आहेत. पण बँकेची शाखा, विमा कार्यालय, विद्यापीठाचं वसतिगृह, सरकारी रुग्णालय, रेल्वे स्थानक अशा जागांच्या फरशा, शौचालयं, काचा आणि जिने बहुतेक ठिकाणी एखाद्या एजन्सीची माणसं पुसतात, आणि ती एजन्सी निविदेतून निवडलेली असते.

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत आपली बरीच मंडळी हाउसकीपिंगचा छोटा धंदा करतात. आठ-दहा कामगार, दोन-तीन अपार्टमेंट, एखादं खासगी क्लिनिक. सरकारी काम का घेत नाही असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘ते मोठ्यांचं काम आहे हो, तिथे ओळख लागते.’ मला हे पटत नाही. छोट्या एजन्सीसाठी नियमांत चांगली जागा ठेवली आहे. ती रिकामी राहते, कारण कागद अपुरे असतात किंवा दर चुकतो. आणि उलटही घडतं. घाईनं भरलेल्या दरावर काम मिळतं, सहा महिन्यांत एजन्सीचा दम सुटतो आणि बाईमाणसांचा पगार-पीएफ थकतो. म्हणून कोणती निविदा भरायची याइतकंच कोणती सोडून द्यायची, हेही इथे सांगणार आहे.

काम कोणाचं आहे, ते आधी बघा

शहरात दोन प्रकारची सरकारी गिऱ्हाइकं आहेत आणि दोघांचे नियम वेगळे आहेत. आयआयटीचा सिमरोलचा परिसर, आयआयएम, राजा रमण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ, सरकारी बँका, एलआयसी, आयकर, टपाल, केंद्रीय विद्यालयं हे सगळे केंद्राच्या बाजूचे. यांची बरीचशी खरेदी ‘जेम’वर, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसवर होते. हे पोर्टल ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं, आणि २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम १४९ नुसार जी वस्तू किंवा सेवा तिथे मिळते ती केंद्रीय खात्यांनी तिथूनच घ्यायची असते. सफाई ही तिथे स्वतंत्र सेवा म्हणून नोंदलेली आहे.

महापालिका, विकास प्राधिकरण, देवी अहिल्या विद्यापीठ, महाराजा यशवंतराव रुग्णालय हे राज्याच्या बाजूचे. यांच्या निविदा मुख्यतः एमपी टेंडर्स या पोर्टलवर पाहाव्या लागतात आणि त्यांना राज्याचे खरेदीचे, म्हणजे भंडार क्रय व सेवा उपार्जन नियम लागू होतात. रेल्वेचा कारभार निराळा आहे. इंदूर स्थानक पश्चिम रेल्वेच्या रतलाम मंडळात येतं, त्यामुळे निविदेची सूचना रतलामहून निघते. ती रेल्वेच्या स्वतःच्या पोर्टलवर किंवा जेमवर सापडते.

हा फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा की सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं २०१२ चं सार्वजनिक खरेदी धोरण केंद्रीय खात्यांना आणि केंद्राच्या कंपन्यांना बांधील आहे, राज्याच्या कार्यालयांना आपोआप लागू नाही. राज्याच्या निविदेत कोणती सवलत आहे, हे त्या-त्या निविदेतच पाहायचं. केंद्राचं धोरण सांगतं की वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा. त्यातला ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा आणि ३ टक्के महिला उद्योजकांचा. निविदेचा अर्ज फुकट, बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, माफ. शिवाय सर्वांत कमी दर एखाद्या मोठ्या कंपनीचा आला आणि तुमचा दर त्याच्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंतच वर असला, तर त्या कमी दरावर यायची संधी तुम्हाला दिली जाते. सफाईसारखं तुकडे न होणारं काम असेल तर ते पूर्णच तुमच्याकडे येऊ शकतं. मात्र सर्वांत कमी दरवालासुद्धा लघु उद्योगच असेल, तर या तरतुदीचा उपयोग नाही. सफाईच्या निविदांत असं पुष्कळदा होतं.

अनुसूचित जाती-जमातींच्या हिश्शाबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. ज्या समाजांतल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घाण उचलली, त्यांतली मुलं-मुली या धंद्यात मालक म्हणून फार कमी दिसतात. आपल्याकडे सुपरवायझर म्हणून राबणाऱ्या एखाद्या हुशार मुलीला स्वतःची एजन्सी काढायला कोणी मदत केली, तर ही ४ आणि ३ टक्क्यांची जागा तिच्यासाठीच आहे. एजन्सी प्रोप्रायटरशिप असली तरी चालते, लिमिटेड कंपनीच हवी असा नियम नाही.

कागदांची गोष्ट

पॅन, बँक खातं, दुकान-आस्थापनेचा गुमास्ता, जीएसटी, पीएफ कोड, ईएसआयसी (कामगार आरोग्य विमा) कोड, उद्यम म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी, तीन वर्षांचे आयकर विवरण, सीएचं उलाढालीचं प्रमाणपत्र, आणि क्लास ३ डिजिटल सही. ही यादी सगळ्यांना ठाऊक असते. घोळ बारकाव्यांत होतो.

उद्यमचंच बघा. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटपासून दूर राहा. भरताना आपलं काम ‘सेवा’ म्हणून नोंदवा आणि उद्योग-वर्गीकरणाचा कोड इमारतींच्या सफाईचा, म्हणजे ८१२१ किंवा ८१२९ या गटातला घ्या. सुरुवातीला फिनाईल-झाडू विकणाऱ्या बऱ्याच जणांच्या नोंदणीत फक्त ‘व्यापार’ पडलेला असतो. बयाण्याची माफी सेवा देणाऱ्यांना आहे, नुसत्या व्यापाऱ्यांना नाही. तांत्रिक छाननीत अर्ज तिथेच बाद होतो आणि आपल्याला वाटतं, ओळख नव्हती म्हणून काम गेलं. आकाराची चिंता नको. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा उलाढालीत १० कोटी आणि गुंतवणुकीत अडीच कोटी आहे. तुम्ही त्यात आरामात बसता.

पीएफ २० कर्मचाऱ्यांपासून आणि ईएसआय १० पासून बंधनकारक आहे. तुमच्याकडे आठच माणसं असतील तर कायद्यानं कोड लागणार नाही, पण निविदेत तो मागितलेलाच असतो. आधी स्वेच्छेनं घेऊन ठेवा. कंत्राटी कामगारांच्या परवान्याचं चित्र बदललं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्यांत कंत्राटदाराच्या परवान्याची अट ५० किंवा जास्त कामगारांवर येते. तरीही जुन्या मसुद्यावरून केलेल्या निविदेत जुन्या कायद्याचा परवाना मागितलेला दिसू शकतो. तेव्हा गप्प बसू नका, निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न विचारा.

आणखी एक. ‘सफाई आणि सुरक्षा’ अशी एकत्र निविदा असेल तर पहारेकऱ्यांसाठी खासगी सुरक्षा एजन्सीचा वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर त्या कामाला हात लावू नका.

अनुभव नाही, मग अनुभव कसा येणार?

सगळ्यांची अडचण इथेच असते. बऱ्याच निविदांत केंद्रीय दक्षता आयोगाच्या जुन्या सूत्रावरून घेतलेली अट दिसते: गेल्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक तशाच प्रकारचं काम केलेलं हवं, आणि तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या ३० टक्के हवी. मूळ सूत्र बांधकामांसाठी होतं, पण सेवांच्या निविदांतही ते सर्रास उचललेलं असतं.

आकड्यांत मांडून बघू. वर्षाला ३० लाखांचं काम आहे. म्हणजे १२ लाखांची तीन कामं, किंवा १५ लाखांची दोन, किंवा २४ लाखांचं एक, आणि सरासरी उलाढाल ९ लाख. एक मोठी अपार्टमेंट सोसायटी आणि एक खासगी हॉस्पिटल सांभाळणाऱ्याला हे अशक्य नाही. अशक्य होतं ते पैसे रोखीत घेतले म्हणून. खासगी कामाचा अनुभव मान्य व्हायचा असेल तर करार लेखी लागतो, पैसे बँकेत आलेले लागतात आणि गिऱ्हाइकानं टीडीएस कापलेला असला तर तो आयकराच्या विवरणात दिसायला हवा. उद्या सरकारी काम घ्यायची इच्छा असेल तर आजपासून प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीकडून करार आणि दरवर्षी एक प्रमाणपत्र घ्या. मोठ्या कंपनीच्या हाताखाली उपकंत्राट करून अनुभव मिळतो खरा, पण अनेक निविदांत तो धरत नाहीत. अटीत ‘उपकंत्राट’ हा शब्द आहे का, तेवढं तपासून मगच तो मार्ग धरा.

केंद्राच्या निविदांत दुसरं दार आहे. गुणवत्ता आणि तांत्रिक अटी पाळल्या जात असतील तर स्टार्टअप आणि सूक्ष्म-लघु उद्योगांना अनुभव-उलाढालीच्या अटीत सूट देता येते. ही सूट देणं खात्याच्या हातात आहे. जेमच्या निविदा-पत्रकात पहिल्या पानांवरच ही ओळ असते: अनुभवात सूट, उलाढालीत सूट, समोर ‘होय’ किंवा ‘नाही’. नवीन एजन्सीनं सगळ्यात आधी ही ओळ वाचावी. ‘नाही’ असेल तर बाकीची तीस पानं वाचण्यात वेळ घालवू नये.

दर: खरी लढाई इथे आहे

सफाईच्या कामात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा मजुरीचा असतो, आणि मजुरी तुमच्या हातात नसते. ती किमान वेतनानं ठरलेली आहे. इथली मंडळी सवयीनं तिला ‘कलेक्टर रेट’ म्हणतात. केंद्राच्या कार्यालयात केंद्राचे दर, राज्याच्या कार्यालयात राज्याचे. महागाई भत्त्यामुळे दोन्ही दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये हलतात. म्हणजे दहा एजन्सींनी निविदा भरली तरी मजुरी, पीएफ, ईएसआय सगळ्यांना सारखंच. फरक उरतो तो सामान, देखरेख आणि नफा एवढ्यात. तिथे स्वस्त होता येतं, पण फार नाही. ज्याचा दर फारच खाली आहे त्यानं यातलं काही तरी सोडलेलं असतं, आणि जे सोडलेलं असतं ते शेवटी कामगाराच्या ताटातून जातं.

हिशेब मांडून दाखवतो. समजा एका सफाई कामगाराचं महिन्याचं वेतन १३,००० आहे. हा आकडा समजण्यापुरता घेतला आहे, तुमच्या निविदेच्या तारखेचा खरा दर कामगार खात्याच्या अधिसूचनेतून घ्या. यावर मालकाचा पीएफ, विमा आणि प्रशासन खर्च धरून १३ टक्के, म्हणजे १,६९०. ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे ४२२. बोनस ८.३३ टक्के, म्हणजे १,०८३. झाले साधारण १६,१९५.

आता खूप जण विसरतात ती गोष्ट. कार्यालय म्हणतं, रोज बारा माणसं हवीत, महिन्याचे तीसही दिवस. पण प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी द्यायची आहे. तिच्या दिवशी दुसरं माणूस उभं करावं लागतं, म्हणजे दर सहा माणसांमागे एक बदली माणूस. तो खर्च सहावा हिस्सा, जवळजवळ २,७००. आता आपण १८,८९५ वर आलो. गणवेश, बूट, हातमोजे यांचे महिन्याला ३०० धरा, सामानाचे १,२०० धरा. मग दोन महिन्यांचा पैसा अडकून राहणार त्याचं व्याज ४०० च्या आसपास. बेरीज २०,८०० च्या जवळ येते. त्यावर देखरेख, ऑफिस आणि नफ्याचे फक्त ५ टक्के घेतले तरी दर माणशी २१,८४० होतो, जीएसटी वेगळा.

नवखा माणूस काय करतो? १३,००० मजुरी, हजारभर सामान, दहा टक्के आपले, आणि १५,५०० भरून मोकळा होतो. काम त्याला मिळतं. पहिल्या महिन्यापासून प्रत्येक माणसामागे पाच हजारांचा खड्डा पडत जातो. मग सुट्टी बंद होते, बारा माणसांच्या हजेरीवर नऊच येतात, पगारातून काही रक्कम परत मागितली जाते. हे सगळे प्रकार बेकायदा आहेत. आणि कामगारांवर अन्याय तर आहेच आहे. ज्या निविदेत सुट्टीच्या माणसाचा खर्च भरायला रकाना नाही, तिथे तो मजुरीबाहेरच्या दरात धरता येतो का ते निविदापूर्व बैठकीत विचारा. येत नसेल तर ती निविदा सोडा.

काही निविदांत मजुरी ठरलेली असते आणि स्पर्धा फक्त सेवाशुल्काच्या, म्हणजे एजन्सीच्या मोबदल्याच्या टक्क्यांवर होते. लोक पूर्वी शून्य टक्के भरायचे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या खर्च विभागानं सांगितलं की शून्य मोबदल्याची निविदा ग्राह्य धरू नये. पुढे जेमवर मनुष्यबळाच्या सेवेत किमान सेवाशुल्काची अट आली. परिणाम असा की पुष्कळ जण नेमका किमान आकडाच भरतात, दर सारखे येतात आणि निवड संगणकावर सोपवली जाते. अशा निविदेत कौशल्याला वाव थोडा असतो. माझा सल्ला असा की छोट्या एजन्सीनं आपली शक्ती मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या कामांवर लावावी: जिथे चौरस फुटाचा दर आहे, यंत्रं-सामान धरून काम आहे, किंवा गुणवत्तेला गुण आहेत. ऑक्टोबर २०२१ पासून केंद्राच्या नियमांत ठरावीक मर्यादेतल्या अशा सेवांसाठी गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देता येतं. तिथे तुमचं प्रशिक्षण, यंत्रं आणि कामाची पद्धत यांना किंमत मिळते.

दर वाढला तर काय, हे करारात आहे का, तेही पाहा. मध्य प्रदेशानं एप्रिल २०२४ पासून किमान वेतन वाढवलं, काही उद्योगसंघटना न्यायालयात गेल्या, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं स्थगिती दिली आणि डिसेंबरमध्ये ती उठली. अशा वेळी ज्याच्या करारात ‘वैधानिक वाढ प्रत्यक्षानुसार मिळेल’ असं कलम होतं त्याला फरक मागण्याचा आधार होता. कलम नसेल तर वाढीव वेतन स्वतःच्या खिशातून भरण्याची वेळ येते.

सात, पंधरा, वीस

काम मिळाल्यावर कॅलेंडरवर या तीन तारखांभोवती गोल करा. मागच्या महिन्याचा पगार ७ तारखेपर्यंत बँकेतून. पीएफ आणि ईएसआय १५ पर्यंत. जीएसटी २० पर्यंत, गिऱ्हाइकानं पैसे दिलेले असोत वा नसोत. आणि कार्यालय बिल कधी घेतं? हजेरीपत्रक, पगार जमा झाल्याची बँकेची यादी, पीएफचं ईसीआर (कामगारनिहाय मासिक विवरण) आणि ईएसआयचं चलन जोडल्यावर. म्हणजे आधी तुमच्या खिशातून सगळं जाणार, मग बिल टेबलावर चढणार.

कार्यालय इतकं काटेकोर का, याचं कारण समजून घेतलं तर चीड कमी होते. कंत्राटदारानं पगार बुडवला तर तो मुख्य मालकाला, म्हणजे त्या कार्यालयालाच, भरून द्यावा लागतो. पुरावा न पाहता बिल पास करणारा अधिकारी स्वतः अडकतो.

वरच्या उदाहरणातल्या बारा माणसांचं बघा. महिन्याचं बिल २ लाख ६२ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी ४७ हजार. पहिलं बिल दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर दाखल होतं, मंजूर होऊन येईपर्यंत तिसरा महिना संपत येतो. तोपर्यंत दोन पगार होऊन गेलेले असतात, तिसरा दारात उभा असतो. त्यात कामगिरी हमी, म्हणजे काम नीट होईल याची अनामत, म्हणून वर्षाच्या रकमेचे ५ टक्के, म्हणजे दीड लाखाहून जास्त, ठेवीत किंवा बँक हमीत अडकलेले. बयाण्याची माफी या हमीला लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. सगळं धरून साडेसात लाख हाताशी हवेत, दहा असतील तर झोप लागेल. इतका पैसा किंवा बँकेची मर्यादा नसेल तर बारा माणसांची निविदा भरू नका. चार माणसांची बँक शाखा घ्या. वर्षभर ती उत्तम सांभाळा. तेही सरकारी कामच आहे.

बिलातून आयकराचा टीडीएस कापतात, व्यक्तीला १ टक्का आणि कंपनी-भागीदारीला २ टक्के. करार अडीच लाखांवर असेल तर जीएसटीचा २ टक्के टीडीएससुद्धा. तो तुमच्या जीएसटीच्या रोख खात्यात दिसतो आणि वापरता येतो. कित्येक जण तो स्वीकारायचाच विसरतात आणि पैसे पडून राहतात. उलट महापालिकेला थेट दिलेली निव्वळ सफाई सेवा, ज्यात सामानाचा वाटा २५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, ती सार्वजनिक स्वच्छतेच्या कामात मोडत असेल तर जीएसटीतून मुक्त असते. बँकेच्या किंवा केंद्राच्या एखाद्या कंपनीच्या इमारतीला ही सवलत नाही. दर भरण्याआधी सीएला निविदा दाखवा, दर भरल्यावर विचारून काही उपयोग होत नाही.

बिल अडकलं तर? २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते, पुढे ती थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. हे शस्त्र बाहेर काढण्याआधी दोन लेखी स्मरणपत्रं द्या, कारण बहुतेक वेळा बिल एखाद्या कागदावाचून अडलेलं असतं. पण महिने उलटत असतील तर संकोच करू नका. पगार तुमच्या माणसांचे आहेत.

रुग्णालय आणि गटार

रुग्णालयाची निविदा रक्कम बघून मोह होतो. तिथे फरशी पुसण्याच्या पलीकडे खूप काही आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळी, लाल, निळी आणि सुयांसाठी पांढरी अशी कचऱ्याची वर्गवारी, प्रत्येक वॉर्डाचे वेगळे मॉप, हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचं योग्य प्रमाण, कामगारांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस. २०२५ मध्ये आपल्याच शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नवजात बाळांना उंदीर चावले आणि दोन बाळं गेली. त्यानंतर तिथे सफाई व कीटकनियंत्रण करणाऱ्या एजन्सीवरही कारवाई झाली. अशा जागी माणूस कमी ठेवून वाचवलेले पैसे कोणाच्या जिवावर येतात, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं. प्रशिक्षित सुपरवायझर नसताना रुग्णालय घेऊ नये, असं मी ठामपणे म्हणतो.

आणि गटार किंवा सेप्टिक टँक. निविदेच्या कामाच्या यादीत ‘चेंबर सफाई’, ‘टँक सफाई’ अशी एखादी ओळ लपलेली असते. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला तिथे उतरवणं गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. ती ओळ दिसली की यंत्रानं काम करणाऱ्या एजन्सीकडून करून घेण्याची लेखी मुभा मागा, नाही तर ती निविदा बंद करून ठेवा. कोणत्याही करारासाठी माणूस आत उतरवायचा नाही.

निविदा भरतानाचं थोडं

अर्ज दोन लिफाफ्यांत असतो, एक तांत्रिक आणि एक दराचा. तांत्रिक लिफाफ्यात दराचा उल्लेख चुकूनही येऊ देऊ नका, बाद होतो. शुद्धिपत्रकं शेवटच्या दिवसापर्यंत येतात, रोज पाहा. मध्य प्रदेशच्या हिंदी निविदांत बयाण्याला अमानत राशि किंवा धरोहर राशि म्हणतात, ती माफ आहे की नाही ते वेगळं वाचा. वेळ पोर्टलच्या घड्याळाची असते. डिजिटल सहीचं टोकन शेवटच्या तासात रुसलं तर कोणी ऐकून घेत नाही, म्हणून आदल्या दिवशी अपलोड करा. जागा प्रत्यक्ष पाहून या. शौचालयं किती, पाण्याचा दाब कसा, काचा बाहेरून किती उंच, रोज येणारी माणसं किती, हे कागदावर कळत नाही आणि दर त्यावरच ठरतो. तिथे आधीपासून काम करणाऱ्या बायकांशी बोला. बहुतेक वेळा एजन्सी बदलली तरी माणसं तीच राहतात, आणि जागेची सगळी माहिती त्यांच्याकडे असते.

काम संपायच्या आधी, शेवटच्या महिन्यातच अनुभव प्रमाणपत्र मागा. नंतर अधिकारी बदलून जातात आणि फाइल सापडत नाही. त्यात कार्यादेशाचा क्रमांक आणि तारीख, कामाचा प्रकार ‘यांत्रिक/मानवी सफाई व हाउसकीपिंग’ असा स्पष्ट, क्षेत्रफळ, कामगारांची संख्या, सुरू आणि समाप्तीची तारीख, वर्षवार दिलेली रक्कम आणि ‘काम समाधानकारक’ एवढं यायला हवं. नुसतं ‘काम चांगलं केलं’ असं पत्र पुढच्या निविदेत चालत नाही. मसुदा स्वतः टाइप करून न्या, कार्यालयाला फक्त शिक्का आणि सही करायची असली की ते त्याच आठवड्यात हातात पडतं.